पिंजोरचे जटायु

चंडीगडाहून सिमल्याकडे जाणारी सडक कालका गांवाच्या थोडी अलीकडे एका जुन्या वस्तीस शिवून जाते. त्या वस्तीचें नांव पिंजोर. पांडव वनवासांत असतां येथें कांहीं काळ राहिले म्हणून हें पंचपूर, आणि पंचपुराचें पुढें पिंजोर झालें, असें तेथील लोक सांगतात. आपल्या देशांत पांडव कोणत्या गांवीं राहिले नाहींत हा एक स्वतंत्र शोधाचा विषय होईल. तथापि येथें भीमादेवीच्या देवळाचे जे भग्नावशेष विखुरलेले आहेत ते खरोखरच हजार वर्षांपूर्वींचे असून त्यांवरील कोरीव काम थांबून पाहण्यासारखें आहे. जवळून एक लहानशी नदी वाहते. तिचें नांव कौशल्या. पुढें ती घग्गर नदीस मिळते.

ह्या गांवची प्रसिद्धि आहे ती मोगली बागेबद्दल. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाईखान ह्यानें सतराव्या शतकांत ही बाग उठविली. पुढें ती पतियाळाच्या महाराजांकडे आली, म्हणून आतां तीस यादवींद्र बाग म्हणतात. दरवाजांतून आंत गेल्यावर मजल्यामजल्यानें खालीं उतरत जावें लागतें, आणि प्रत्येक मजल्यावर पाणी आपल्याबरोबर उतरत असतें. आसपासच्या डोंगरी राजांस खानाचा हा शेजार नको होता. त्यांनीं म्हणे गळ्यास गंड आलेलीं माणसें जमवून खानाच्या जनान्यापुढें उभीं केलीं आणि येथील पाण्यानें सर्वांचें असेंच होतें म्हणून सांगितलें. त्यासरशीं जनाना जो निघून गेला तो पुन्हा आला नाहीं! गोष्ट खरी असो वा नसो, लढाईवांचून शत्रु घालविण्याची ही युक्ति आम्हांस आवडली.

परंतु आम्ही गेलों होतों तें ह्या बागेसाठीं नव्हे. पिंजोरपासून सुमारें आठ किलोमीटरांवर, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशीं, जोधपूर नांवाचें एक खेडें आहे. राजस्थानांतील जोधपूर तें निराळें. ह्या खेड्याला लागून बीर शिकारगाह म्हणून एक अभयारण्य आहे. ज्या रानाचें नांवच शिकारीवरून पडलें, त्याच रानाच्या कडेस आज नाहींशा होत चाललेल्या पक्ष्यांची नवी पिढी वाढविण्याचें काम चाललेलें आहे. हे पक्षी म्हणजे मोर नव्हेत कीं हंस नव्हेत. तीं गिधाडें आहेत. हरियाणाचें वनखातें आणि आपल्या मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ह्या दोघांनीं मिळून २००१ सालीं येथें आजारी गिधाडांच्या शुश्रूषेची जागा उघडली, आणि २००४ पासून तेंच प्रजननकेंद्र झालें. नांव मोठें समर्पक ठेवलें आहे : जटायु संवर्धन व प्रजनन केंद्र.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त चंडीगडास असतात. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही उभयतां महिनाभर त्यांच्याकडे होतों. नातू विज्ञानशाखेंत शिकतो. त्याच्या कॉलेजांतील एका प्राध्यापकांनीं शब्द टाकून परवानगी मिळवून दिली. दिवस नेमका संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचा आला. "अहो, करिदिनीं गिधाडें पाहावयास निघालां! बागेंतच बसूं या कीं," असें आमच्या सौ. म्हणाल्या. घरावर गिधाड बसलें तर शांति करावी लागते, हें त्यांनीं लहानपणापासून ऐकलेलें. शेवटीं नातवाच्या हट्टापुढें करिदिन मागें पडला आणि आम्ही चौघेजण निघालों.

आमच्या वयाच्या वाचकांस गिधाड दुर्मिळ कसें होईल हेंच प्रथम समजणार नाहीं. १९७० च्या आसपास, आम्ही शाळेंत असतां, गांवाबाहेर ओढ्यापलीकडे मेलेलीं गुरें टाकण्याची जागा होती. सकाळीं एखादा बैल तिकडे ओढून नेला कीं प्रथम आकाश अगदीं रिकामें दिसे. मग एक ठिपका, मग चार, आणि पाहतां पाहतां त्या माळावर पन्नास-साठ गिधाडें उतरलेलीं असत. त्यांस वासावरून कळतें असा सार्वत्रिक समज आहे, पण तो बरोबर नाहीं. आपल्याकडील गिधाडें डोळ्यांनीं शोधतात. एक उतरूं लागलें कीं दूर घिरट्या घालणारें दुसरें तें पाहतें, त्यास पाहून तिसरें वळतें, आणि अशी ती वर्दी कोसच्या कोस आकाशांतून पसरते. दुपारीं शाळा सुटून आम्ही त्या बाजूस गेलों तर पांढरा सांगाडा तेवढा राहिलेला असे. दुर्गंधि नाहीं, माशा नाहींत, रोगराई नाहीं. मेलेलें जनावर ओढून नेण्याचें व कातडें सोडविण्याचें काम आपण ज्या लोकांवर लादलें त्यांस गांवाबाहेर ठेवलें; आणि उरलेलें काम जो पक्षी विनामूल्य करी त्यास अशुभ ठरविलें. सफाई करणाऱ्याचे उपकार फेडण्याची आपली ही रीत फार जुनी आहे.

१९८० च्या सुमारास हिंदुस्थानांत गिधाडांची संख्या चार कोटींच्या घरांत असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मोजण्याची गरज तेव्हां कोणास वाटली नव्हती, म्हणून अंदाजच. मोजणें सुरू झालें तें भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानांत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभु प्रकाश ह्यांनीं तेथें १९८७-८८ सालीं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचीं ३५३ घरटीं नोंदविलीं. दहा वर्षांत तीं निम्म्याहून कमी झालीं, आणि आणखी कांहीं वर्षांत एकही राहिलें नाहीं. पक्षी फांदीवर बसलेला असे, मान हळूं हळूं खालीं लोंबूं लागे, आणि कांहीं दिवसांनीं तो झाडाखालीं पडलेला सांपडे. पुढें देशभर मोजणी झाली तेव्हां असें आढळून आलें कीं १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक उरलीं. लांब चोंचीचीं व बारीक चोंचीचीं शंभरांत तीन. एखाद्या प्राण्याची इतकी मोठी संख्या इतक्या थोड्या काळांत नाहींशी झाल्याचीं उदाहरणें जगांत फार थोडीं आहेत.

प्रथम सर्वांस वाटलें कीं कांहीं सांथ आली असावी. खरें कारण सांपडलें तें पाकिस्तानांतील पंजाबांत. लिंडसे ओक्स नांवाचे अमेरिकन पशुवैद्य व त्यांचे सहकारी ह्यांनीं मेलेलीं गिधाडें उघडून पाहिलीं, तों आंतड्यांवर, यकृतावर, हृदयावर पांढऱ्या खडूसारखा लेप बसलेला. मूत्रपिंडें निकामी होऊन रक्तांतील युरिक आम्ल असें सांचलें होतें. आणि मूत्रपिंडें निकामी करणारें विष म्हणजे डायक्लोफेनॅक : आपण गुडघे दुखले म्हणजे ज्या गोळ्या घेतों त्यांतलेंच औषध! हा शोध २००४ च्या जानेवारींत 'नेचर' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. औषध स्वस्त झाल्यावर तें गुरांसही देऊं लागले होते. गाय लंगडूं लागली, तिला ताप आला, कीं एक सुई टोंचावयाची. तिला आराम पडे. पण तीच गाय एक-दोन दिवसांत मेली, तर तिच्या शरीरांत राहिलेलें औषध गिधाडाच्या पोटांत जाई. शंभर मेलेल्या गुरांपैकीं एकांत जरी हें औषध असलें, तरी एवढा संहार होण्यास तें पुरेसें होतें, असें शास्त्रज्ञांनीं गणित करून दाखविलें. कारण एका बैलावर पन्नास गिधाडें बसतात.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. गिधाडें बंदुकीनें मेलीं नाहींत. जाळ्यानें मेलीं नाहींत. म्हाताऱ्या गायीचे हाल पाहवत नाहींत, तिला शेवटचे दिवस तरी सुखाचे जावोत, ह्या भावनेनें जी सुई टोंचली गेली तिनें तीं मेलीं. जेथें म्हातारें जनावर खाटकाकडे जातें तेथें त्यास औषध देत बसण्याचें कोणास कारण नसतें. आपल्याकडे तें दावणीला म्हातारें होतें, आणि शेवटपर्यंत त्यास औषध मिळतें. म्हणजे गायीविषयींची जी दया आपण आपलें भूषण मानतों, तिच्याच वाटेनें हें विष रामायणांतल्या पक्ष्यापर्यंत पोहोंचलें.

हितोपदेश आम्हीं पस्तीस वर्षें शिकविला. त्यांत गंगेच्या कांठच्या झाडाच्या ढोलींत राहणाऱ्या एका आंधळ्या गिधाडाची गोष्ट आहे. झाडावरचे पक्षी त्यास आपल्या घांसांतला घांस देत, आणि तो त्यांच्या पिलांची राखण करी. एक मांजर गोड बोलून त्याच्या आश्रयास राहिलें, रोज एक पिलूं खाऊन हाडें त्याच्या ढोलींत टाकूं लागलें, आणि एके दिवशीं पळून गेलें. पक्ष्यांनीं हाडें पाहिलीं व बिचाऱ्या गिधाडास ठार केलें. ह्या गिधाडाचें नांव जरद्गव. जरद्गव ह्याचा सरळ अर्थ म्हातारा बैल. पक्ष्यास बैलाचें नांव कां, असें वर्गांतल्या मुलांनीं आम्हांस कितीदां तरी विचारलें, आणि आम्हीं दर वेळीं तें समासविग्रहावर निभावून नेलें. म्हाताऱ्या बैलाचें नांव धारण करणाऱ्या ह्या पक्ष्याचा अंत म्हाताऱ्या बैलाच्याच मांसानें व्हावा, हें पिंजोरच्या त्या कचेरींत बसलों असतां आमच्या मनांत आलें आणि अंगावर कांटा उभा राहिला. 'गृध्र' हा शब्दही 'गृध्' म्हणजे हांव धरणें ह्या धातूपासून आलेला. वस्तुतः हा पक्षी जिवंताच्या वाटेस सहसा जात नाहीं. दुसऱ्यानें टाकलेलें तेवढें खातो. वैयाकरणांनींही त्याला न्याय दिला नाहीं म्हणावयाचा.

असो. केंद्रांत गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानांत येते ती तेथील शांतता. प्राणिसंग्रहालयाप्रमाणें येथें पिंजऱ्यांपुढें गर्दी, फुगे, शेंगदाणे ह्यांपैकीं कांहीं नाहीं. ज्या पिंजऱ्यांत घरटीं आहेत तेथपर्यंत पाहुण्यांस जाऊंच देत नाहींत. पक्ष्यांस माणसाची संवय लागूं नये ह्याविषयीं फार काळजी घेतात. माणसास न भिणारें गिधाड पुढें रानांत सोडतां येत नाहीं. आंत कॅमेरे बसविलेले असून त्यांवरून दिसणारें चित्र कचेरींतल्या पडद्यावर पाहावयाचें. आमच्या सौ.ना प्रथम ह्याची निराशा वाटली. "टेलिव्हिजनच पाहावयाचा होता तर घरीं काय वाईट होतें!" असें त्या हळूच म्हणाल्या.

मोठा पिंजरा म्हणजे एक लहानसें नाटकगृहच. लांबी शंभर फूट, रुंदी चाळीस फूट, उंची वीस फूट. ह्यांत तीस-चाळीस पक्षी एकत्र राहतात, कारण गिधाड हा एकांतवासी पक्षी नाहीं; त्यास एकत्र कुटुंब लागतें. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें रानांत उंच झाडांवर घरटीं करतात, म्हणून त्यांच्यासाठीं उंचावर माच बांधून त्यांवर घरट्यापुरती जागा केलेली असते. लांब चोंचीचीं कड्याच्या कपारींत राहणारीं, म्हणून त्यांच्यासाठीं भिंतींत कट्टे काढलेले असतात. काटक्या व पाला माणसांनीं आणून टाकावयाचा. घरटें मात्र त्यांचें त्यांनींच रचावयाचें. एक नर चोंचींत लांब काटकी धरून कट्ट्यावर आला आणि ती मादीपुढें ठेवून जरा मागें सरून उभा राहिला. तिनें ती उचलून दुसऱ्या बाजूस ठेवली. तो पुन्हा खालीं गेला. हा व्यवहार पाहून नातू हंसला. आम्ही हंसलों नाहीं, कारण घरांत वस्तु ठेवण्याच्या जागेसंबंधानें आमचाही अनुभव असाच आहे.

गिधाडाची जोडी वर्षास एकच अंडें घालते. तें साधारण कार्तिकापासून पौषापर्यंत घातलें जातें आणि जवळ जवळ आठ आठवडे उबवावें लागतें. नर व मादी आळीपाळीनें बसतात. पिलूं निघाल्यावर चार महिने दोघेंही त्याला आपल्या पोटांतलें अन्न काढून भरवितात. "दोघेंही बसतात?" असें सौ.नी त्या तरुण अधिकाऱ्यांस दोनदां विचारून घेतलें, आणि नंतर कांहीं न बोलतां आमच्याकडे पाहिलें. ह्या क्षणापासून त्यांचें गिधाडाविषयींचें मत पालटलें, हें आम्हांस नमूद केलें पाहिजे.

पिलूं वयांत येण्यास चार-पांच वर्षें लागतात. म्हणजे हजारांतले नऊशें नव्याण्णव गेल्यावर उरलेल्या एकानें वर्षाला एक ह्या हिशेबानें ती तूट भरून काढावयाची! म्हणून येथें एक युक्ति करतात. जोडीचें पहिलें अंडें लौकरच उचलून यंत्रांत उबवावयास ठेवतात. अंडें गेलेंसें पाहून कांहीं आठवड्यांनीं ती जोडी दुसरें घालते. त्यामुळें एकाच हंगामांत दोन पिलें मिळूं शकतात. यंत्रांतल्या अंड्याची उष्णता, हवेंतील ओल, दिवसागणिक घटणारें वजन, ह्या सर्वांची नोंद ठेवलेली असते. बाळंतिणीच्या खोलींत नसेल इतकी स्वच्छता व इतकी भीति त्या खोलींत आहे. २०२३ च्या सुमारास येथील गिधाडांची संख्या तीनशेंच्या वर गेली होती. अशींच केंद्रें पुढें बंगाल्यांत राजाभातखावा येथें, आसामांत राणी येथें व मध्यप्रदेशांत भोपाळजवळ निघालीं, पण त्या सर्वांचें मूळ येथलें.

आतां जो भाग सांगावयाचा तो आमच्या घरांतल्या वाचकांस कदाचित् रुचणार नाहीं. गिधाडांस आठवड्यांतून दोनदां मांस लागतें, आणि बाजारांतलें मांस त्यांस घालतां येत नाहीं. कोणत्या जनावरास कोणतें औषध दिलें गेलें होतें ह्याचा भरंवसा नाहीं. म्हणून येथें शेळ्या विकत आणून निदान आठवडाभर, कधीं दहा दिवस, चारापाणी घालून ठेवतात. एवढ्या अवधींत त्यांच्या अंगांतलें औषध असेल तें निघून जातें, आणि मगच त्या कापतात. शेळ्यांचा ओरडा आम्हांस ऐकूं आला. सौ. बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही जन्मानें व आचारानें शाकाहारी आहों, आणि तो ओरडा आमच्याही कानांतून दोन दिवस गेला नाहीं. तथापि ह्या सबंध देशांत गिधाडाच्या तोंडीं निर्धास्तपणें देतां येईल असें मांस मिळविण्यास एवढा खटाटोप करावा लागतो, हें त्या ओरड्याहून अधिक भयंकर आहे असें आमचें मत झालें.

तेथें एक वयस्क नोकर होता. पुष्कळ वर्षें तो हेंच काम करतो. "मास्टरजी, हम इनको पालते हैं, पर इनसे दोस्ती नहीं करते," असें तो म्हणाला. दाणापाण्याच्या वेळीं बोलावयाचें नाहीं, हांक मारावयाची नाहीं, नांव ठेवावयाचें नाहीं. ज्याची सेवा करावयाची त्यानें आपणांस ओळखूं नये, अशी ही सेवा. आम्हीं आयुष्यभर मुलें शिकविलीं. रस्त्यांत जुना विद्यार्थी ओळख न देतां गेला तर मनास लागतें. ह्या मनुष्याचें सारें यश मात्र ओळख न ठेवण्यांत आहे.

नातवानें एक प्रश्न विचारला तो आमच्याही मनांत होता. "आजोबा, जें गिधाड दिवसांत शंभर किलोमीटर उडतें त्याला शंभर फुटांचा पिंजरा! मग हें वांचलें काय आणि न वांचलें काय?" अधिकाऱ्यांनीं उत्तर दिलें तें असें. पिंजरा हें घर नव्हे, ही धर्मशाळा आहे. बाहेरचें अन्न विषारी असतां दार उघडणें म्हणजे मारणें होय. म्हणून प्रथम सोडण्याच्या जागेभोंवतीं शंभर किलोमीटरपर्यंतचा टापू सुरक्षित करावयाचा. त्यासाठीं गिऱ्हाईक बनून खेड्यापाड्यांतल्या औषधांच्या दुकानीं जावयाचें, "गुरास ताप आहे, कांहीं द्या" म्हणावयाचें, आणि दुकानदार काय काढून देतो तें लिहून ठेवावयाचें. पक्षिशास्त्रज्ञानें औषधांच्या दुकानांतून हिंडावें, हें काम आम्हांस तरी अगदीं नवीन होतें.

सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं डायक्लोफेनॅक बनविण्यास मनाई केली. पण माणसांसाठीं निघणाऱ्या मोठ्या कुप्या तशाच होत्या, आणि त्या गुरांस पुरत. म्हणून २०१५ सालीं तीन मिलिलिटरांहून मोठ्या कुपीवर बंदी आली. मग असें दिसून आलें कीं त्याच जातींचीं दुसरीं औषधें तितकींच घातक आहेत. २०२३ सालीं केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक, आणि २०२४ च्या अखेरीस नायमेसुलाइड, हींही गुरांसाठीं बंद झालीं. एक बंद करावें तों दुसरें, अशी ही रांग वीस वर्षें चालली आहे. उलट मेलॉक्सिकॅम हें औषध गुरांस तितकेंच उपयोगी असून गिधाडास त्यापासून अपाय होत नाहीं, हें २००६ सालींच सिद्ध झालेलें आहे.

२०२० च्या ८ ऑक्टोबर रोजीं पिंजोरच्या एका पिंजऱ्याचें दार उघडलें गेलें आणि पांढऱ्या पाठीचीं आठ गिधाडें बाहेर सोडण्यांत आलीं. त्यांच्या पाठीवर लहान यंत्रें बसविलेलीं होतीं. त्यांवरून तीं कोठें जातात हें कळे. दार उघडल्याबरोबर तीं उडून गेलीं असतील अशी आमची कल्पना होती. पण गिधाडें उंबरठ्यावर येत, बाहेर पाहत, आंत परत जात, असें तो नोकर म्हणाला. सासरीं निघालेल्या मुलीसारखी त्यांची चाल होती, असें तो सांगत असतां सौ.नी पदर डोळ्यांस लावला.

महाराष्ट्राशीं ह्या केंद्राचा संबंध नुसता नांवापुरता नाहीं. जटायु जेथें पडला तें ठिकाण म्हणून आपल्याकडे इगतपुरी तालुक्यांतील सर्वतीर्थ टाकेद दाखवितात. रामानें तेथें त्याची क्रिया पित्याप्रमाणें केली अशी श्रद्धा आहे. रायगड जिल्ह्यांतल्या म्हसळा तालुक्यांत चिरगांवच्या गांवकऱ्यांनीं आपल्या झाडांवरचीं घरटीं स्वतः राखलीं आहेत. आणि २०२४ च्या जानेवारींत पिंजोरचीं वीस गिधाडें, दहा पांढऱ्या पाठीचीं व दहा लांब चोंचीचीं, मोटारींतून विदर्भांत आणण्यांत आलीं व ताडोबा आणि पेंच येथें ठेवण्यांत आलीं. त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत तीं मोकळीं केलीं. त्यांतलीं कांहीं दगावलीं. एक मात्र ताडोब्याहून निघालें तें कित्येक जिल्हे व राज्यें ओलांडून थेट तमिळनाडूपर्यंत पोहोंचलें. पिंजऱ्यांतल्या पक्ष्यास आकाश विसरावयास होतें कीं नाहीं, ह्याचें उत्तर नातवास आम्हीं हें दिलें.

गिधाडें गेल्यामुळें माणसांचें काय बिघडलें, असें विचारणारे सुज्ञ गृहस्थ आम्हांस भेटतात. मुंबईच्या पारशी बांधवांस विचारावें. मलबार हिलवरच्या त्यांच्या दोखम्यांत आतां सूर्याच्या उष्णतेचीं यंत्रें लावावीं लागलीं आहेत. खेड्यांत विचारावें, जें मांस गिधाडें खात तें भटकीं कुत्रीं खाऊं लागलीं, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळण्याचा रोग वाढला. २०२४ सालीं दोन अर्थशास्त्रज्ञांनीं 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' ह्या नियतकालिकांत हिशेब मांडला. २००० ते २००५ ह्या काळांत गिधाडें नसल्यामुळें ह्या देशांत वर्षाला सुमारें एक लाख माणसें अधिक मेलीं, असा तो हिशेब आहे. अशुभ पक्षी घरावर बसेनासा झाला, आणि घरांतलीं माणसें मात्र कमी झालीं.

आमच्या गांवीं एक गोरक्षण संस्था आहे. तिच्या कार्यकारी मंडळावर आम्ही आठ वर्षें आहों. परत आल्यावर तेथें येणाऱ्या पशुवैद्यांस आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांनीं पिशवी उघडून मेलॉक्सिकॅमची कुपी दाखविली. "मी हेंच देतों, गुरुजी. पण मी आठवड्यांतून एकदां येतों. मधल्या सहा दिवसांत गाय ओरडूं लागली कीं तुमचीं माणसें नाक्यावरच्या दुकानांतून काय आणतात, तें मला कसें कळावें?" आम्ही गोठ्यांत जाऊन पाहिलें. खिडकींत तीन रिकाम्या कुप्या होत्या. त्यांवरील कागद भिजून अक्षरें गेलेलीं होतीं. गड्यास विचारलें तर "दुखण्याचं हाय, गुरुजी," एवढेंच त्यास सांगतां आलें.

संस्थेनें औषध स्वतःच एकदम विकत घेऊन कपाटांत कुलुपाखालीं ठेवावें, दुसरें कोणतेंही गुरांस देऊं नये, आणि औषध दिलेलें जनावर मेलें तर तें पुरावें, उघड्यावर टाकूं नये, असा ठराव आम्हीं लिहून दिला आहे. तो पुढील सभेच्या विषयपत्रिकेंत सातव्या क्रमांकावर आहे. खजिनदारांनीं त्यावर पेन्सिलीनें बारीक अक्षरांत "खर्च किती?" असें लिहिलें आहे, आणि त्याखालीं, जरा मोठ्या अक्षरांत, "आपल्या भागांत गिधाडें आहेत कोठें?"